ऐंशी मीटरवरचं गाणं

बेंबळीत डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून एक छोटी लॅब आहे. तिथं रोहिणी रक्त तपासायचं काम करायची. टेबलाच्या कोपऱ्यात तिनं मुठीएवढा स्पीकर ठेवला होता. समोरच्याच्या दंडाला पट्टा बांधला की ती हळू आवाजात एखादं गाणं लावायची. माणूस गाण्याच्या नादी लागला की सुई कधी आत गेली ते त्याला कळायचंही नाही.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी माळावरच्या पवनचक्क्यांवर काम करणारी माणसं वर्षाच्या तपासणीला आली. नऊ जण होते. त्यातला एक उंच, सावळा मुलगा प्रत्येकाला पुढं घालत घालत सगळ्यात शेवटी खुर्चीत बसला. मल्हार, वय सत्तावीस, गाव तेर. बाही वर करताना त्याचा चेहरा उतरला होता.

"काम काय करता?" रोहिणीनं विचारलं.

"पवनचक्कीवर. वर चढायचं, बिघाड काढायचा."

"किती वर?"

"ऐंशी मीटर."

"ऐंशी मीटरची भीती वाटत नाही आणि एवढ्याशा सुईची वाटते?"

"तिथं कमरेला दोर असतोय की," तो म्हणाला. आणि भिंतीकडं बघायला लागला.

तिनं ओठ दाबून हसू आवरलं आणि त्या आठवड्यात तिच्या डोक्यात बसलेलं गाणं लावलं. आधी नुसती गिटार, मग तिच्या मागं एक खोल, गोल फिरणारा आवाज, आणि मग कोवळ्या उन्हासारखा, पण जरासा खरखरीत गळा...

*वरून पाह्यलं तर गाव मुठीत मावतं,*
*उतरलो की एक दार न्हाय मावत...*

त्याचा हात एकदम उडाला.

"हात हलवू नका," ती म्हणाली. तिच्या अंगठ्याखाली त्याची नाडी धाडधाड पळत होती. सुईचीच भीती, असं तिला वाटलं.

"हे... कुणाचं गाणं हाय?"

असा प्रश्न कुणी विचारला की रोहिणीची कळी खुलायची. बँडचं नाव 'माळवारा', ती सांगू लागली. गाणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही, काहीच नाही. आजवर हे गाणं सगळं मिळून एकशे बारा वेळा ऐकलं गेलंय, त्यातलं तीसेक वेळा तर तिनंच ऐकलंय.

"एवढं काय हाय त्यात?" त्यानं विचारलं. आता तो सुईकडं बघत होता, पण त्याचं तिकडं ध्यान नव्हतं.

मग तिनं सांगितलं. हा माणूस आवाज चढवत नाही, हे तिला सगळ्यात आवडलं होतं. रॉक गाणाऱ्यांना वाटतं की ओरडल्याशिवाय जोर येत नाही. हा मात्र कानाशी बोलल्यासारखं गातो आणि गिटारला ओरडू देतो. आणि ते दार. कुणाचं आहे, बंद आहे का उघडं, तो काहीच सांगत नाही. ऐकणाऱ्याला स्वतःचं एखादं दार आठवतं. "फक्त दुसरं कडवं कच्चं आहे," ती कापूस दाबत म्हणाली. "त्यात पोरगी उगाच आणलीय. खरी नाही वाटत. या माणसाचं कुणावर प्रेम बसलेलं नाही बहुतेक."

मल्हार लालबुंद झाला. सुईचाच त्रास होतोय असं समजून तिनं त्याला पाच मिनिटं आडवं पडायला सांगितलं.

रोहिणीचा हा नाद जुना होता. कुणाच्या पाठबळाशिवाय आपापल्या खोलीत बसून केलेली गिटार-ड्रमची गाणी, ज्यांना हल्ली इंडी रॉक म्हणतात, ती शोधत ती वर्षभर फिरायची. धाराशिव ते बेंबळी एसटीत, जाताना आणि येताना, कानात इअरफोनच्या तारा घालून. शंभर गाणी ऐकावी तेव्हा एखादं सापडायचं. पण सापडलं की खिडकीबाहेरची सोयाबीनची रानंसुद्धा वेगळी दिसायची. कुठं डोंगरातल्या शाळेत शिकवणाऱ्या तिघी जणी शाळा सुटल्यावर वर्गातच गाणी रेकॉर्ड करायच्या, बाकांचा आवाज तालात धरून. कोकणातला एक जण होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि समुद्राचं नावही न घेता समुद्राची गाणी लिहायचा. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ती वर्षातली अशी दहा गाणी निवडून आपल्या पेजवर टाकायची. पेज वाचणारे जेमतेम चारशे. पण त्या चारशे जणांना ठाऊक होतं की ही पोरगी भिडेखातर कुणाचं नाव लिहीत नाही.

रिपोर्ट कंपनीकडं जाणार होते, तरी तीन दिवसांनी मल्हार स्वतः न्यायला आला. हिमोग्लोबिन चांगलं आहे, ती म्हणाली. बरं, तो म्हणाला. मग दोघंही उभी राहिली. शेवटी, असली गाणी अजून कुठं मिळतील, असं त्यानं विचारलं आणि तिनं त्याचा नंबर घेतला.

तेव्हापासून रोज दुपारी एक गाणं जाऊ लागलं. मल्हार वरच दुपारचा डबा खायचा, पवनचक्कीच्या डोक्यात, छताचं झाकण उघडून. तिथं तो गाणं ऐकायचा.

"आजचं जेवणाआधी ऐकायचं का नंतर?" त्यानं एकदा विचारलं.

"रिकाम्या पोटी. रक्त तपासतात तसं."

तो उत्तर पाठवायचा दोन ओळींचं, पण त्या दोन ओळी वाचायला ती हातातलं काम ठेवायची. 'तिसऱ्या मिनिटाला ड्रमवाला चुकलाय. त्यांनी तसंच ठेवलंय. बरं केलं, तिथंच माणूस दिसतोय.' हे गाणं तिनं वीस वेळा ऐकलं होतं आणि चूक तिच्या ध्यानात आली नव्हती. पाने घेऊन नट-बोल्ट आवळणाऱ्या या माणसाला एवढा कान कुठून आला, याचं तिला नवल वाटायचं. हळूहळू तिला स्वतःचंही नवल वाटायला लागलं. नवं गाणं सापडलं की आधी पेजची आठवण व्हायची, आता त्याची व्हायची.

माळवाराबद्दल तो वारंवार विचारायचा. ती सांगायची की सध्या ते दोन नंबरला आहे. एक का न्हाय? तर एक नंबरला त्या तिघी, त्यांच्या गाण्यात एक शब्द जास्तीचा नाही आणि याच्यात एक अख्खं कडवं जास्तीचं आहे. पुष्कळ वेळानं उत्तर आलं होतं, 'पटलं.' आणि एकदा तिनं लिहून टाकलं की या माणसाला एकदा भेटायचंय. बोलायचं काही नाही, असा आवाज कसल्या चेहऱ्यातून येतो तेवढं बघायचंय. त्यावर तो बराच वेळ काहीतरी लिहीत होता आणि खोडत होता. आलं एवढंच... 'निराश व्हाल.'

नोव्हेंबरात एका रविवारी ती पवनचक्की बघायला गेली. तो मोटारसायकल घेऊन स्टँडवर आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. माळावर पोचेपर्यंत अवकाळी भुरभुर सुरू झाली. ओल्या गवताचा वास, चरणाऱ्या चार शेळ्या आणि मधोमध तो पांढरा खांब, मान दुखेपर्यंत वर गेलेला. पाऊस लागू नये म्हणून दोघं खांबाला पाठ लावून उभी राहिली. तिच्या केसांवर थेंब साठले होते. तो बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता.

वर पातं फिरलं. हुऽऽम. मग दुसरं. मग तिसरं.

रोहिणी बोलता बोलता थांबली. तिनं डोळे मिटले. महिनाभर ज्या आवाजाला ती कीबोर्डचा आवाज समजत होती, तो तिच्या डोक्यावर फिरत होता, त्याच चालीनं, तेवढंच अंतर ठेवून.

"मल्हार," ती म्हणाली, "हा आवाज तुमच्या गाण्यात आहे."

तिनं विचारलं नव्हतं. तो बुटांकडं बघत राहिला.

"व्हय."

"कधी सांगणार होतात?"

"त्याच दिवशी. पण तुम्ही म्हणालात, हलू नका."

एरवी ती हसली असती. आज हसू आलं नाही. मग तो एकदम बोलत सुटला. गाणं त्यानं आणि शिवशरणनं केलं होतं. शिवशरण त्याचा दोस्त, लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा. कुणी ऐकत न्हाय म्हणून दिवाळीत ते काढून टाकायचं दोघांनी ठरवलं होतं. आणि त्या सकाळी ते गाणं अनोळखी खोलीत वाजलं, अन् एक पोरगी त्याची एकेक ओळ सांगायला लागली.

"मी कोण ते कळलं असतं तर दुसऱ्या कडव्याचं तुम्ही बोलला नसता. मला ते ऐकायचं होतं. अजून चार दिवस, अजून चार दिवस म्हणत ऱ्हायलो."

"आणि मी जे बोलले ते? कळलं असतं तर मी बोलले असते का?" ती खांबापासून दूर झाली. "चेहरा बघायचाय म्हणाले मी. वाचून हसला असाल."

"हसलो न्हाय," तो म्हणाला. "आरशात बघितलं."

स्टँडवर सोडायला सांगून ती गाडीवर मागं बसली.

त्याच दिवशी तिनं यादीतून माळवारा काढलं. दुपारची गाणी बंद झाली. तिला राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि तिला त्याची जास्त भीती वाटत होती. हे गाणं आता गाणं म्हणून ऐकूच येत नव्हतं. लावलं की ओल्या गवताचा वास यायचा. असं झाल्यावर तिनं त्याला नंबर तरी कसा द्यायचा? आजवर यादीत एकही नाव ओळखीचं नव्हतं, तीच तर तिची पत होती.

दहा दिवसांनी त्याचा एकच मेसेज आला. 'यादीतनं काढलं तरी चालंल. तुमच्या शब्दाला लोक मानतात, तो खराब व्हाया नको. गाणं मी ठेवतोय. दुसरं कडवं काढलं. तिथं आता नुसती पवनचक्की हाय.'

तिनं ते ऐकलं. कडव्याच्या जागी पाती फिरत होती, त्याखाली शिवशरणचा ढोल हळूच येत होता, आणि मग पुन्हा ते दार. यंदा ऐकलेल्या गाण्यांत असं पोकळ जागेचं सोनं कुणी केलं नव्हतं. दहावं गाणं तिला अजून सापडलं नव्हतं, आणि का सापडत नाही ते आता कळलं.

तिचे वडील गुलाब एसटीत कंडक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तरुणपणी त्यांच्या बहिणीचं, मथुराबाईंचं भीमगीतांच्या गायन पार्टीत नाव होतं आणि पेटीवर ते असायचे. चौदा एप्रिलला मथुराबाईंना ऐकायला गावोगावहून लोक यायचे. पुढं गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. त्या आवाजाची एकही कॅसेट कुणाकडं नाही. रोहिणीनं आत्याचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं, फक्त ऐकलेल्या माणसांचे चेहरे बघितले होते.

संध्याकाळी चहा घेताना तिनं वडिलांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे गाण्याचं. मुलाबद्दल तिनं तुटक-तुटक सांगितलं.

गुलाबरावांनी बशी खाली ठेवली. "आधी काय आलं? गाणं का पोरगा?"

"गाणं."

"मग?"

"आता तो ओळखीचा झालाय, पप्पा. लोक म्हणतील, आपल्याच माणसाचं कौतुक करते."

"मथुराबद्दल कुणी एक ओळ लिहिली न्हाय," ते म्हणाले. "लांबच्यांना ठाऊक नव्हतं. आणि आमी जवळचे, आमाला वाटलं, आपल्याच माणसाचं आपण काय सांगायचं? म्हणून गप बसलो. तूही गप बसणार का?"

तिनं त्यांच्या बशीत उरलेला चहा ओतला.

"ओळखीचा हाय तर तसं लिही," ते म्हणाले. "लपवू नको म्हंजे झालं." मग चहाचा शेवटचा घोट घेऊन त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठला म्हणालीस?"

"तेरचा. धनगराचा. घरी मेंढरं आहेत."

"हं." ते उठले, आणि दारापाशी थांबले. "एकदा घरी आण. ऐकू तरी कसा गातोय."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी यादी आली. एक नंबरला त्या तिघी शिक्षिका. दोन नंबरला माळवारा. त्याखाली तिनं लिहिलं, 'हे गाणं मी ऑक्टोबरात निवडलं. नंतर गाणारा भेटला, आणि आता तो मला फार जवळचा वाटतो. हे वाचून तुम्हाला माझ्या निवडीवर शंका आली तर ती रास्त आहे. मग एकच करा, माझं राहू द्या, गाणं ऐका.'

ते लिहून तिनं फोन पालथा ठेवला. भांडी घासली, परत धुतली. तासाभरानं फोन वाजला.

"दोनच?" मल्हार म्हणाला. मागं वारा घोंघावत होता. रविवारचाही तो वरच होता.

"दोनच."

तो हसला. त्याचं हसणं ती पहिल्यांदाच ऐकत होती, मोकळं, वरच्या वाऱ्यात मिसळलेलं. "लई बरं वाटलं," तो म्हणाला. "एक नंबर दिला असता तर मला खरं वाटलं नसतं. ना गाण्याचं, ना... दुसऱ्याचं."

आठवड्यात गाणं अकराशे वेळा ऐकलं गेलं. मोठ्या गायकांचं गाणं एवढं तर मिनिटाभरात ऐकलं जात असेल, पण शिवशरणनं म्हणे लग्नाच्या वरातीतच सगळ्या बँडला सांगितलं. आणि यादीखाली उमरग्याहून कुणा वीरप्पानं लिहिलं होतं, 'ताई, आम्ही दोघं भाऊ पण वाजवतो. हायवेला टायरच्या दुकानात. ऐकायला कुणी येत नाही. तुम्ही याल का?'

जानेवारीत एका रविवारी दोघं एसटीनं उमरग्याला गेली. एकाच बाकावर बसली, एकच तार दोघांच्या कानात. नळदुर्ग येईपर्यंत कोपराला कोपर लागलं की दोघंही सॉरी म्हणत होती. नळदुर्ग मागं पडल्यावर कुणी म्हणालं नाही.

वीरप्पा आणि गुरुलिंग, दोघं ऐन विशीतले, हाताला ग्रीस लागलेले. दुकानाच्या मागं जुन्या टायरांच्या राशीत त्यांनी ड्रम मांडले होते. दोघं अर्धं कानडीत, अर्धं मराठीत गात होते. बाहेर हैदराबादला जाणारे ट्रक घरघरत जायचे तेव्हा ते ड्रम थांबवायचे नाहीत, उलट ट्रकची घरघर तालात ओढून घ्यायचे. रोहिणीच्या अंगावर काटा आला. पुढच्या वर्षीच्या यादीतलं पहिलं नाव सापडलं होतं. तिनं ते सांगायला मल्हारकडं बघितलं, आणि बघतच राहिली.

तो पुढं वाकून ऐकत होता. अख्खा माणूस कान झाला होता. गाणं संपल्यावर तो उठला, वीरप्पाजवळ गेला आणि म्हणाला, की दुसऱ्या ओळीनंतर तू जो श्वास घेतलास, तो असाच ठेव, कुणी साफ कर म्हणालं तरी करू नको. वीरप्पाचा चेहरा उजळला. रोहिणीला तो चेहरा ओळखीचा वाटला. आपलं कुणीतरी नीट ऐकलं, हे कळल्यावर माणूस असा दिसतो.

एवढे दिवस तिला वाटत होतं, आपण आवाजाच्या प्रेमात पडलोय. आत्ता कळलं, आवाज तर नुसतं निमित्त होतं. वीस वेळा ऐकलेल्या गाण्यातला चुकलेला ठोका ज्यानं दाखवला, तो हा माणूस.

भाऊ गिटारची तार बदलायला लागले तेव्हा दोघं बाहेर आली. रस्त्यापलीकडं उसाची रसवंती होती. दोन ग्लास सांगून मल्हार म्हणाला, "एक सांगायचं हाय. ह्या वेळी उशीर न्हाय करणार."

"सांगा."

"तुम्ही मला..." तो थांबला. ट्रक गेला. "मला तुमच्यासंग ऱ्हायचंय. गाणं चालू दे न्हाय तर बंद पडू दे."

रोहिणीनं ग्लास खाली ठेवला. "गाणं बंद पाडलंस तर मी बोलणार नाही तुझ्याशी," ती म्हणाली.

त्याला पहिल्यांदा अर्थ कळला नाही. मग कळला. "तुझ्याशी म्हणालीस," तो पुटपुटला.

"हो. राहायचंय मलाही. पण घरी?"

"आईला सांगितलंय मी." त्याची आई बानूबाई, तेरमध्ये मेंढरं आणि घर दोन्ही एकटीच्या शब्दावर चालवायची. "आठ दिवस बोलली न्हाय. कोण, कुठली, लोक काय म्हणतील, सगळं मनात घोळवत बसली. काल भाकरी वाढताना म्हणाली, ती तुला दोन नंबर देणारी हीच का? म्हणालो, हीच. तर म्हणाली, खरं बोलणारी दिसते. एकदा बघते तिला."

"आणि बघून नाही म्हणाल्या तर?"

"तर परत जाऊ. परत विचारू. मी काय ऐंशी मीटर एका दमात चढत न्हाय, मधी टप्पे असतात."

ती हसली, आणि हसता हसता तिनं त्याचा हात धरला, ग्लासाच्या ओल्या गारव्यासकट. रसवाल्यानं शहाण्यासारखं चरकाकडं तोंड फिरवलं.

आतून वीरप्पानं हाक मारली. तार बदलून झाली होती, अजून एक गाणं ऐकायचं राहिलं होतं. दोघं रस्ता ओलांडून आत गेली. दुकानात बसायला टायर पुष्कळ होते, पण ती दोघं एकाच टायरवर दाटीवाटीनं बसली आणि गुरुलिंगनं ताल मोजायला सुरुवात केली.